खाऱ्या पाण्यातला भैरोबा

माझ्या गावाने मला जाळलं तेव्हा मी जिवंत होतो. नुसता जिवंत नव्हतो, बंगालमधल्या एका लष्करी दवाखान्यात खाटेवर बसून भाताची पेज पीत होतो. इकडे पवनेच्या काठी दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करून, डोक्याच्या जागी नारळ ठेवून, माझ्या सख्ख्या चुलत्याने मला अग्नी दिला. तेराव्याला भावकी पोटभर जेवली. हे लिहिताना आजही पेन कागदात रुततं आणि ते वयामुळे रुततं असं कुणी समजू नये. ते रागाने रुततं. तरीही हा अनुभव मी देवाच्या कृपेचा म्हणूनच लिहीत आहे. राग आणि कृपा एका घरात कशी नांदतात हे मला सांगता यायचं नाही. घडलं तसं सांगतो.

आमचं गाव तिकोणा पेठेच्या अलीकडे. वडील मी लहान असतानाच गेले. घरात आई, मी आणि शेजारच्या खणात चुलते, त्यांना सगळे तात्या म्हणत. गावच्या भैरवनाथाच्या जत्रेत मानाची काठी आमच्या घरची. तांबड्या कापडाने मढवलेला तो उंच बांबू चैत्रात आमच्या अंगणातून उठायचा आणि देवळाच्या कळसाला टेकवायचा, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. काठी उठण्याआधी देव्हाऱ्यातला भैरोबाचा टाक, म्हणजे देवाची मूर्ती उठवलेला चांदीचा लहानसा पत्रा, तिला भेटवायचा. घरात सुतक असलं तर काठीला हात लावायचा नाही. हा शेवटचा नियम ध्यानात ठेवा, कारण मी मेलो तो त्याच्यामुळे.

मिसरूड फुटलं तसा मी खंडाळ्याला एका बंगल्यावर पाणी भरायला राहिलो. घाटाच्या कड्यावरून सकाळी खाली पाहिलं की सगळं कोकण पांढऱ्या धुक्याने भरलेलं दिसायचं. बंगल्याच्या आचाऱ्याने मला सांगितलं, तो समुद्र. मी कितीतरी दिवस त्या धुक्यालाच समुद्र समजून हात जोडत होतो. मग लढाई सुरू झाली, लोणावळ्याच्या बाजारात आरमाराच्या भरतीचा तंबू लागला, बँड वाजू लागला. पांढऱ्या शुभ्र कपड्यातला एक जवान जग बघायला चला म्हणून हाका मारत होता. मी गेलो. नुकतंच माझं लग्न झालं होतं. हौसा कान्हे गावची, बोलायला कमी आणि बघायला नीट. तिने काही अडवलं नाही. तात्यांची तर छाती फुगली. कामशेतच्या स्टेशनवर सगळी भावकी पोचवायला आली. आली नाही ती फक्त आई. घरी काम आहे म्हणाली. एकुलता एक मुलगा लढाईवर निघालाय आणि हिला घरी काम! गाडी सुटेपर्यंत मी रस्त्याकडे बघत होतो. तो राग मी पुढे सगळीकडे बरोबर नेला.

आरमारातल्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही, लिहिलं तर भाषा सुटेल. मरायला आम्ही आणि मानाला दुसरे, एवढ्यात सगळं आलं. भातातले खडे वेचत जेवायचं, वर जातीवरून, रंगावरून शिव्या खायच्या आणि सलाम ठोकायचा. मी मुळातच तापट, त्यामुळे शिक्षाही पुष्कळ भोगल्या. दाभोळकडचा एक जोडीदार होता, इंजिनाजवळ काम करायचा. तो म्हणायचा, "मावळ्या, राग गिळ, नायतर उपाशी मरशील." नदीत पोहणाऱ्या मला समुद्रात कसं पोहायचं ते त्याने शिकवलं. लाटेशी झुंजायचं नाही, तिच्यावर पडून राहायचं, हे त्याचं शिकवणं.

आमची बोट लहान होती. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यालगत शत्रूने पेरलेले सुरुंग शोधायचं काम. एका स्वच्छ सकाळी विमान आलं आणि बोट मधोमध फुटली. मी वर पहाऱ्यावर होतो म्हणून पाण्यात फेकला गेलो. दाभोळचा जोडीदार खाली इंजिनाशी होता. तो वर आलाच नाही. मी त्याच्या नावाने हाका मारल्या, तेल पसरलेल्या पाण्यात इकडून तिकडे गेलो. कुणी नव्हतं. एक फळी हाताला लागली, तिच्यावर छाती टाकून पडलो.

सूर्य डोक्यावर आला, कलला, पुन्हा उगवला. तहान म्हणजे काय ते तेव्हा कळलं. जीभ सुजून टाळ्याला चिकटली होती. आणि त्या अवस्थेत, लाज न बाळगता सांगतो, मी देवाचं नाव घेतलं नाही, देवाला शिव्या घातल्या. म्हटलं, भैरोबा, माझ्या आज्याने तुझी काठी उचलली, बापाने उचलली, खांदे सोलवटून घेतले. आणि आज मी इथे सडतोय तर तू देवळात शेंदूर माखून गार बसला असशील. जत्रेचा नारळ तेवढा बरा कळतो तुला! पुन्हा तोंड दाखवू नकोस. असं बोलून मी फळीवरचा हात सैल सोडला. लाट तोंडावरून गेली, खारं पाणी घशात उतरलं.

त्यानंतर तोंडात जे आलं ते पाणी गोड होतं.

डोळे उघडले तेव्हा एका लहान होडीत पडलो होतो. एक म्हातारी नारळाच्या करवंटीने माझ्या तोंडात थेंब थेंब पाणी सोडत होती आणि तोंडाने सारखी रागावत होती. भाषेतलं एक अक्षर मला कळत नव्हतं, पण ते रागावणं पुरतं कळत होतं. होडीच्या टोकाशी तिचा म्हातारा वल्हं धरून बसला होता. त्या बाजूला यायचं त्यांना काही कारण नव्हतं. त्यांचं जाळं वाहून गेलं होतं, ते शोधत शोधत ती दोघं भलतीकडे आली होती, असं पुढे खाणाखुणांवरून समजलं. जाळं त्यांना सापडलं नाही. मी सापडलो.

त्या माणसांनी मला महिनोन्‌महिने आपल्या झोपडीत लपवलं. शत्रूचे शिपाई वस्तीत येत तेव्हा म्हातारी मला माशांच्या टोपल्यांमागे ढकलायची आणि दारात भात कांडत बसायची. मला ताप यायचा, शुद्ध जायची, पुन्हा यायची. माझ्यापायी त्यांची मान कापली गेली असती, पण त्यांनी माझं नावसुद्धा विचारलं नाही. आपली फौज पुढे सरकली तेव्हा त्यांनीच मला तिच्या हवाली केलं. निघताना म्हातारीने पुन्हा एकदा मला रागे भरलं आणि डोळे पुसले. दवाखान्यात साहेब म्हणाला, तुझ्या घरी कळवतो. त्याने काय कळवलं, कुणाला कळवलं, देव जाणे. घरी काही पोचलं नाही.

आणि मी कामशेतला उतरून पायी गावात आलो. चैत्र संपत आला होता, जत्रेची तोरणं वाळून वेशीवर लोंबत होती. देवळाच्या पारावर तात्या आणि चार माणसं बसली होती. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, पायांकडे पाहिलं. पाय उलटे आहेत की सुलटे!

"तात्या, म्या हाय," मी म्हणालो.

"थांब. तितंच थांब," तात्या मागे सरकत म्हणाले. "फुडं येऊ नगंस."

मग मला सगळं कळलं. दिवाळीच्या सुमाराला सरकारची तार आली होती, बोट बुडाली, तुमचा माणूस सापडत नाही. फाल्गुनापर्यंत भावकीने वाट पाहिली. पुढे जत्रा तोंडावर आली.

"समिंदरात सापडत न्हाई म्हंजी काय रं समजायचं?" तात्या म्हणाले. "सुतक धरावं का सोडावं? काठी कुनी उचलायची? तुजा आत्मा तिकडं भटकायचा, हितं गाव खोळंबायचं. म्हून क्रिया उरकली. तुज्या भल्यासाटीच केलं."

उरकली! भाताची झोडणी उरकावी तशी माणसाची क्रिया उरकली. तळपायाची आग मस्तकात गेली. जत्रेची तिथी चुकू नये म्हणून मला मारून, तेरा दिवस पाळून, शुद्ध होऊन, काठी वेळेवर नाचवली होती या लोकांनी. शत्रूच्या विमानाने मला मारलं नाही ते माझ्या चुलत्याने मारलं. मी तात्यांच्या अंगावर धावून गेलो असतो. पण तेवढ्यात आमच्या घराच्या ओसरीवर हौसा उभी दिसली. कपाळ कोरं, हात मोकळे. मला बघून तिने खांब धरला आणि खाली बसली.

पेठेतल्या भटजींना बोलावणं गेलं. त्यांनी सांगितलं, ज्याला अग्नी दिला तो उंबरा ओलांडू शकत नाही. पुन्हा जन्म घ्यावा लागेल. आईच्या पदराखालून बाहेर यायचं, पाळण्यात बसायचं, नाव ठेवून घ्यायचं, मग हौसाच्या गळ्यात पुन्हा माळ घालायची. तोवर ती माझी बायको नाही आणि मी कुणीच नाही. मी म्हणालो, "चूक तुमी करायची आन पाळण्यात म्या बसायचं? मरेन पर बसणार न्हाई." आणि खाचरापलीकडच्या आमच्या गोठ्यात जाऊन राहिलो. सरकारच्या दप्तरात मी हरवलेला, गावाच्या लेखी मेलेला, आणि बैलाशेजारी गवतावर बसून दात ओठ खाणारा मी मात्र चांगला धडधाकट.

एका दुपारी कारवीच्या कुडापलीकडे बांगड्या न वाजता कुणीतरी गवताचा भारा टाकला. मी ओळखलं. म्हटलं, "हौसा, चल. आत्ताच निघू. लोणावळ्यात खोली घेऊ, रेल्वेत काम मिळंल. या गावाचं तोंड बघायचं न्हाई."

पलीकडे तिने भाऱ्याची दोरी सोडली. मग म्हणाली, "म्या न्हाई यायची."

"का? तुला बी म्या मेलेला वाटतो व्हय?"

"चोरावानी न्हाई यायची, म्हनते." तिचा आवाज इतका कडक मी कधी ऐकला नव्हता. "सगळ्यांच्या देखत माजं कुंकू पुसलं. देवळाम्होरं बसवून बांगड्या फोडल्या, आख्खं गाव बघत हुतं. आता आख्ख्या गावादेखत लावा. लोणावळ्याच्या खोलीत लावलेलं कुंकू मला नगं. तुमी तुमचा राग धरून बसलायसा. माजा राग कुनी इचारला का?"

आणि ती गेली. मी कुडाकडे बघत राहिलो. मला वाटत होतं की अन्याय झालाय तो माझ्यावर. मी बैलाशेजारी ऐटीत रुसून बसलो होतो, आणि तिला रोज त्याच गावात, त्याच कोऱ्या कपाळाने पाण्याला जावं लागत होतं. तरीही मन वळेना. पाळण्यात बसायचं म्हटलं की अंगाचा तिळपापड व्हायचा.

आई रोज भाकरी घेऊन यायची. जवळ बसायची, पाठीवरून हात फिरवायची, मला पाळण्यात बस म्हणून एकदाही म्हणाली नाही. हौसा येऊन गेली त्या दिवशी मात्र मीच भडकलो. म्हटलं, "देवाचा रिवाज, देवाचा रिवाज! म्या समिंदरात हातपाय मारत हुतो तवा कुटं हुता तुमचा भैरोबा?"

"पान्यात," आई म्हणाली.

"कुटं?"

"पान्यात. तू बोटीवर गेलास त्या दिसापासनं. म्याच ठिवलाय."

ती उठून गेली आणि तांब्याचं घंगाळ दोन्ही हातांनी सांभाळत घेऊन आली. आत पाणी, तळाशी भैरोबाचा टाक. नवस फळेपर्यंत देव पाण्यात ठेवायची चाल आमच्याकडे आहे, ती मलाही माहीत होती. पण लोक चार दिवस ठेवतात, फार तर महिना. माझ्या आईने लढाईची सगळी वर्षं त्याला वर काढला नव्हता. मी निघालो त्या सकाळी, भावकी स्टेशनवर गेल्यावर, ती देव्हाऱ्यासमोर बसली होती. घरचं काम म्हणाली होती ते हे काम.

"म्हनलं त्याला, माजं लेकरू पान्यात, तर तू कशाला पाटावर बसतोस? त्याच्यासंगं ऱ्हा. त्यो भायेर येईल तवा तू भायेर यायचं." ती जणू शेजाऱ्याशी झालेलं भांडण सांगत होती. "रोज पानी बदलते. समिंदराचं पानी खारं असतंय म्हनं, म्हून रोज चिमूटभर मीठ टाकते. तुला खारं आन त्याला गोड, ह्यो कुटला न्याय?"

मी वाकून पाहिलं. चांदी काळीठिक्कर पडली होती. देवाचं नाक डोळे ओळखू येत नव्हते.

"तात्यानं लय तगादा लावला. काठीला टाक भेटवायचाय, काढ म्हनला. म्या घंगाळ मांडीत धरून उंबऱ्यात बसले. म्हनलं, तू जाळलंस ते गवत. माजा देव अजून पान्यात हाय. दर सालासारकी यंदा बी काठी टाकाबिगरच उठली." मग तिने पदराने घंगाळाची कड पुसली. "पर म्या घंगाळ धरून बसले, तवर तिकडं पोरीच्या बांगड्या फोडल्या रं. दोन्हीकडं कशी पुरी पडनार म्या?"

मी घंगाळाच्या काठावर हात ठेवला. तीच पुढे म्हणाली, "लढाईत मीठ बी मिळंना झालं. कामशेतच्या बाजारात सुदिक नव्हतं. एक दिस घरात खडा न्हाई. तेवढा एक दिस त्याला गोड्या पान्यात ठिवला. म्हनलं, आज असू दे बाबा. दमलास."

मी विचारलं, कधीची गोष्ट. ती म्हणाली, भात पोटरीला आलं होतं तेव्हाची. आमची बोट त्याच दिवसांत बुडाली होती. तो नेमका कुठला दिवस, हे तिला सांगता येईना आणि मलाही. मी जुळवायच्या फंदात पडलो नाही. मला करवंटीतल्या त्या पाण्याची चव आठवली, म्हातारीचं रागावणं आठवलं, आणि मी गोठ्यात, बैलासमोर, आईच्या मांडीत डोकं घालून लहान मुलासारखा रडलो. भटजींच्या रिवाजाप्रमाणे मी पुढे जन्मलो असेन, पण माझ्या लेखी मी तिथेच जन्मलो.

मग पाळण्यात बसलो. आख्खं गाव लोटलं होतं. माझ्या अंगाला पुरेल असा पाळणा कुठून आणणार? घोंगडीची झोळी केली आणि ती आढ्याला बांधली तात्यांनी, ज्या हातांनी मला अग्नी दिला त्याच हातांनी. गाठ मारून झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "चुकलं रं." मी म्हणालो, "घट बांधा, न्हाईतर दुसऱ्यांदा मारशीला." बायका तोंडाला पदर लावून हसल्या, तात्या हसता हसता रडू लागले. आईने कानात नाव सांगितलं. तेच नाव ठेवलं. कासाराकडून हिरवा चुडा तात्यांनीच आणवला होता. मी आख्ख्या गावादेखत हौसाच्या कपाळाला कुंकू लावलं. तिने मान वर केली आणि जमलेल्या एकेका माणसाकडे नीट, सावकाश पाहून घेतलं. पारावरच्या चौघांना ती नजर पेलली नाही.

सगळे पांगल्यावर आईने घंगाळ माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "आता तूच काढ." मी पाण्यात हात घातला. टाक बोटांना लागला, पण वर काढवेना. समुद्रात घातलेल्या शिव्या मनात दाटून आल्या होत्या. आई म्हणाली, "किती येळ पान्यात ठिवतोस? काढ की. त्याला बी घरी यायचंय."

या गोष्टीला आता पुष्कळ काळ लोटला. आई गेली. देवपूजा माझ्याकडे आहे आणि भैरोबाशी माझं भांडण अजून रोज चालतं. दाभोळच्या माझ्या जोडीदाराच्या आईनेही काही मागितलं असेलच ना? मग तिचा मुलगा का नाही? हा प्रश्न मी त्याला रोज आंघोळ घालताना विचारतो आणि विचारत राहणार. पूर्वी उत्तर मिळाल्याशिवाय तोंड बघायचं नाही असा हट्ट होता, तो आता उरला नाही. लाटेशी झुंजायचं नाही, तिच्यावर पडून राहायचं, हे जोडीदाराने शिकवलं होतं. ते पाण्यात लवकर जमलं, घरात जमायला फार वर्षं लागली. ज्या म्हातारा-म्हातारीचं नावही मला ठाऊक नाही त्यांच्यासाठी रोज एक फूल जास्तीचं वाहतो. सूनबाई अधूनमधून म्हणते, मामंजी, टाक चिंचेने घासून उजळून काढू का? मी तिला हात लावू देत नाही. तो काळाच राहू दे. माझ्याबरोबर पाण्यात होता तो.